उजवीकडचं दार

“आनखी एक फळी काढा खालची,” सिंधू म्हणाली.

मी बैठकीखालची पातळ फळी सरकवून काढली. तिने उजव्या पायावर तोल सांभाळला, पाठमोरी झाली, हात मागे टेकवून बसली. मग डावा पाय दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून उचलला आणि लाकडी उंबऱ्यावरून आत घेतला. उजवा मागोमाग आपसूक आला. समोर स्टिअरिंग म्हणून सायकलची जुनी रिंग ठोकली होती. ती दोन्ही हातांनी धरून तिने तोंडानेच हॉर्न वाजवला.

“जमलं. हे माप लिहून ठेवा.”

मी पट्टी लावली. जमिनीपासून बैठकीपर्यंत बरोबर वीस इंच. कानावरची पेन्सिल काढून मी मापाच्या काठीवर खूण केली आणि खुणेवर एक रेघ आणखी ओढली, कारण एका रेघेवर माझा कधीच विश्वास बसत नाही.

त्या महिन्यात रायपूरजवळच्या कुरुदला, आमच्या घराच्या मागच्या अंगणात ही अशी गाडी उभी होती. सगळी लाकडाची, बिनचाकांची, एकाच दाराची. भिंतीपलीकडचा भूपेंद्र रोज सकाळी दात घासता घासता डोकावायचा आणि विचारायचा, “का बनावत हव, भैया?” मी म्हणायचो, विमान. तो मान हलवायचा. उमाकांत लांजेवार निवृत्त झाला आणि त्याचा एक स्क्रू ढिला झाला, असं त्याने गल्लीत सांगितलंही असेल. पण माझ्यापुढे इलाज नव्हता. चौतीस वर्षं मी पोलादाच्या प्लांटच्या पॅटर्न शॉपमध्ये काढली. लोखंड ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना लागतो, तो आम्ही बनवायचो. लाकडात सूतभर चूक झाली तर ती पुढे लोखंडात उतरते आणि मग कुणाच्या बापाला दुरुस्त होत नाही. त्यामुळे कुठलीही गोष्ट आधी लाकडात करून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सिंधूला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. डावा पाय बारीक राहिला आणि थोडा आखूडही. घराबाहेर पडताना ती त्या पायाला कॅलिपर लावते, म्हणजे मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्या आणि खाली जाड तळाचा बूट. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीजवळ बायकांना शिवणकाम शिकवण्याचं एक केंद्र आहे, तिथे ती सव्वीस वर्षं शिकवते. गावची सगळी मंडळी तिला सिंधुताई म्हणतात, केंद्रातल्या मुली मॅडम म्हणतात. ही सव्वीस वर्षं ती मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवर गेली आणि आली. हायवेवरचे ट्रक, मे महिन्याचं ऊन, सगळं झेलत. मी तिला एकदाही सोडायला गेलो नाही. तिने कधी म्हटलं नाही आणि माझी शिफ्ट असायची.

मागच्या वर्षी तिचा डावा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, स्कूटर बंद. मग ऑटोरिक्षा सुरू झाली. ऑटोवाला येईल तेव्हा निघायचं, तो थांबवेल तिथे उतरायचं. ऑटोत चढवायला मी सोबत. चार महिन्यांत बाई चिडचिडी झाली. भाजीत मीठ जास्त पडलं तरी त्याचं खापर ऑटोवर. शेवटी एका सकाळी तिने जाहीर केलं, “मी कार शिकून राहिली.”

आणि शिकलीही. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, डाव्या पायाला काही कामच नाही. लायसन्स पहिल्या झटक्यात मिळालं. गाडी चालवायची अडचण नव्हतीच, घोडं अडलं होतं ते गाडीत शिरताना. शिकवणाऱ्याची गाडी बुटकी होती, रोज दोन पोरी तिला धरून आत बसवायच्या.

“पोतं चढवल्यासारखं चढवते मले,” ती घरी येऊन म्हणायची. “आपली गाडी घेऊन तं अशी घेऊ, जिच्यात मी माही मी बसन.”

म्हणून ही लाकडाची गाडी. ती बनवताना मला एक गोष्ट कळली. दुसऱ्याच्या गाडीत आपण डावीकडून बसतो. तेव्हा सिंधूचा चांगला पाय आधी आत जातो आणि अधू पाय मागून ओढून घेता येतो. चालवणाऱ्याला मात्र उजवीकडच्या दारातून शिरायचं असतं, आणि तिथे अधू पायालाच आधी आत जावं लागतं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर मला हे समजलं. तिला ते अर्थातच ठाऊक होतं.

*

काठी घेऊन मी दहा दिवस शोरूम पालथी घातली. नेहरू नगरपासून सुपेल्यापर्यंत हायवेच्या कडेला गाड्यांची दुकानं काही कमी नाहीत. सुरुवातीला विकणारी पोरं ‘आइए अंकल’ म्हणून धावत यायची. मी मायलेज विचारत नाही, किंमत विचारत नाही, नुसता दार उघडून काठी लावतो म्हटल्यावर लांबून पाहत उभी राहायची. एक गाडी फार उंच, एक फार बुटकी, एकीचा उंबरा रुंद, एकीचं दार अर्धवटच उघडणारं. एक होती उंच, चौकोनी, लांबून ब्रेडच्या डब्यासारखी दिसायची. तिला मी काठी लावली, साडेबावीस भरली, आणि देवाचे आभार मानले की ही आपल्या नशिबी नाही. शेवटी एक लाल, गोंडस गाडी सापडली. बैठक बरोबर वीस इंच. खूण आणि गादीची कड यांत केस जायला जागा नाही. मला इतका आनंद झाला की मी त्या पोराला, राजदीप त्याचं नाव, चहा पाजला.

रविवारी सिंधूला घेऊन गेलो. तिने निळी साडी नेसली होती, कॅलिपर नीट आवळला होता. राजदीपने अदबीने गाडीचं डावं दार उघडलं.

“आइए आंटी, इधर से आराम से बैठिए.”

“चलाना मेरे को है, बेटा,” सिंधू म्हणाली.

तो ओशाळून पळत दुसऱ्या बाजूला गेला. सिंधू उजव्या दारापाशी पाठमोरी झाली, हात मागे नेला, आणि अंगणात बसायची तशी बसली. पण बैठक तिथे नव्हती. ती खाली होती. सिंधू धप्पकन मागे कोसळली. डोकं वरच्या कडेला आपटलं. कॅलिपर लावलेला पाय गुडघ्यात वाकेना, तो सरळ दाराबाहेर काठीसारखा निघून राहिला. मी एका बाजूने धावलो, राजदीप दुसऱ्या बाजूने. आम्ही दोघांनी काखेत हात घालून तिला बाहेर काढलं. शोरूममध्ये एक कुटुंब पेढे वाटत होतं, ती सगळी माणसं पेढे हातात धरून आमच्याकडे पाहत राहिली.

सिंधूने पदर सारखा केला. “पानी मिळन का?” ती मला म्हणाली.

आणि मी काय केलं? शहाण्या माणसाने पाणी आणलं असतं. मी काठी काढली. पुन्हा माप घेतलं. वीस म्हणजे वीस. मी तिला खूण दाखवली.

“पाह्य ना, माप तं बरोबर हाये.”

“माप बरोबर हाये तं मग मीच चुकीची असन,” ती म्हणाली आणि दाराकडे चालायला लागली.

परतीच्या ऑटोत ती बाहेर पाहत होती. मुलाचा, हर्षलचा, रायपूरहून फोन आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पापा, मैं पहले ही बोला था ना. ड्रायव्हर ठेवा. आईला कायले एवढा त्रास?”

“ड्रायव्हर कायले पायजे?” मी म्हणालो. “मी हाये ना. मी शिकतो गाडी. मी सोडत जाईन, मी आनत जाईन.”

खरं सांगतो, हे बोलताना मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, आत काहीतरी हुशारून उठलं. निवृत्तीनंतर सकाळी साडेनऊला मी कुठेतरी निघणार, कुणीतरी माझ्या भरवशावर असणार. ती आपटली तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण त्या वाईट वाटण्याच्या तळाशी हेही होतं. आज कबूल करायला हरकत नाही.

मी फोन ठेवला. पॉवर हाऊसचा चौक गेला, मग सिंधू म्हणाली,

“तुमी सोडसान. मले माहीत हाये. ऊन असो का पानी, सोडसान. पन मले कोनी पोचवायचं नाई. मले जायचं हाये.”

त्या रात्री ती जेवली नाही. मीही जेवलो नाही, पण माझ्या न जेवण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत ऑटोने केंद्रावर गेलो. परत घरी जाऊन करायचं काय, म्हणून दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिलो. बाहेर रेल्वेच्या यार्डात मालगाडीच्या वॅगन जोडताना एकमेकांना धडकत होत्या. आत दहा-बारा मशिनी चालू होत्या. नवऱ्या मुलीचा लेहंगा शिवायचा होता, ती मुलगी माप द्यायला आली होती. ऐश्वर्या नावाची एक शिकाऊ पोरगी गुडघ्यावर बसून तिच्या कमरेपासून जमिनीपर्यंत टेप लावत होती.

“थांब,” सिंधू टेबलापलीकडून म्हणाली. “तिच्या पायात काय हाये?”

“काही नाही, मॅडम. चप्पल बाहेर काढली,” ऐश्वर्या म्हणाली.

“आन लग्नात?”

“सँडल. उंच टाचेची,” नवरी लाजत म्हणाली.

“मग सँडल घालून ये उद्या. उघड्या पायावर लेहंग्याचं माप घेते का कोनी? मांडवात चार बोटं वर दिसन. हजार डाव सांगतलं तुमाले, माप घेताना अंगावर आन पायात तेच पायजे, जे...”

ती तिथेच थांबली. टेप तिच्या गळ्यात होती, तिची दोन्ही टोकं तिने धरून ठेवली. मग ती हळूहळू माझ्याकडे वळली.

“अवो,” ती म्हणाली. “माहं माप कुठी घेतलं तुमी?”

“आंगनात. तुयासमोर तं घेतलं.”

“माह्या पायात काय होतं?”

माझी नजर दाराबाहेर काढलेल्या चपलांकडे गेली.

काय असणार? आमच्या घरात चपला-बूट उंबऱ्याबाहेर. माझ्या आईने घालून दिलेला नियम, आई गेली तरी नियम राहिला. अंगण रोज धुतलं जातं, तिथेही कुणी चप्पल घालून येत नाही. सिंधूचा कॅलिपर बुटालाच जोडलेला आहे, त्यामुळे बुटाबरोबर तोही दारातच उतरतो. घरात ती गुडघ्यावर हात दाबत अनवाणी फिरते. तिची सगळी मापं मी त्या अनवाणी सिंधूची घेतली होती. त्या पायाचा गुडघा वाकतो. बाहेरच्या सिंधूच्या पायाखाली जाड तळ असतो आणि तिचा गुडघा लोखंडाने बांधलेला. तिला आधी बैठकीच्या कडेला टेकावं लागतं, मग वाकून गुडघ्याची कडी सोडावी लागते, तेव्हा कुठे पाय वाकतो. चौतीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाने घरातल्या बायकोसाठी गाडी शोधली होती, आणि गाडी तर बाहेर जाणाऱ्या बाईला हवी होती.

“घरात बूट कोन घालते?” मी कसंबसं म्हणालो.

“मीबी तेच मनून राहिली. मले तरी कुठं सुचलं?” आणि मग ती हसायला लागली. काल आपटल्यापासून पहिल्यांदा. मुलींना काही कळेना, पण मॅडम हसतायत म्हणून त्याही हसल्या. ती नवरी बिचारी अनवाणी उभी होती, तीही हसली. मला हसू आलं नाही. मला रडू येत होतं, म्हणून मी बाहेर जाऊन वॅगन पाहत उभा राहिलो.

संध्याकाळी सिंधू बूट-कॅलिपर घालून धुतलेल्या अंगणात आली. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, देवघराकडे पाहून हात जोडले, माझ्या आईची माफी मागितली असावी. मग लाकडाच्या गाडीत बसली. मी एकेक फळी वाढवत गेलो. एकवीस. पाय अडकला. बावीस. टेकता आलं, पण कडी सोडताना ती मागे जायला लागली. साडेबावीसला ती टेकली, वाकली, कडी सोडली, पाय उचलून आत घेतला आणि बसली. मी काहीच धरलं नव्हतं.

“साडेबावीस,” मी म्हणालो, आणि कपाळावर हात मारला.

“काय झालं?”

“साडेबावीसची एकच हाये. ब्रेडचा डबा.”

गुरुवारी तो डबा पाहायला गेलो. हे शोरूम दुसरं होतं. विकणाऱ्याने डावं दार उघडायच्या आत सिंधू स्वतःच फिरून उजवीकडे गेली. दार तिने स्वतः उघडलं. ते पार काटकोनात उघडत होतं. ती टेकली, वाकली, कडी सोडली. मी मनात आकडे मोजत होतो. अकराला ती आत होती, दार लावलेलं होतं आणि ती आरसा आपल्याकडे वळवून घेत होती. हर्षलला फोटो पाठवला तर तो म्हणाला, “वो डब्बे जैसी? आई, कुछ ढंग की ले ना.”

“मले काई तिच्याकडे पाहत बसायचं नाई,” सिंधू म्हणाली. “मी तं तिच्या आत राहीन.”

*

गाडी आली, पूजा झाली, नारळ फुटला. आठ दिवस तिने कुरुदच्या आतल्या रस्त्यांवर सराव केला, मी शेजारी बसून. मी फार सूचना देतो, असं तिचं म्हणणं होतं. मी फक्त पुढे गाय आहे, एवढंच सांगायचो. कधी कधी मागे गाय आहे, हेही सांगायचो.

सोमवारी केंद्रावर जायचा पहिला दिवस. मी सकाळी लवकर अंघोळ करून इस्त्रीचा सदरा घातला. दोन पाण्याच्या बाटल्या, एक जुना टॉवेल, गाडीचे कागद एका पिशवीत. साडेनऊला मी डावीकडे जाऊन बसलो आणि पट्टा लावला. सिंधू तिच्या दारातून आत आली. चावी लावायच्या आधी तिने माझ्याकडे पाहिलं.

“उतरा,” ती म्हणाली.

“पयला दिवस हाये, सिंधू.”

“मनूनच.”

मी उतरलो. हायवेला डावीकडूनच जा, खुर्सीपारच्या वळणावर ट्रक असतात, पोचल्यावर फोन कर, असं खिडकीतून सांगत राहिलो. तिने सगळ्याला हो म्हटलं. मग काच वर केली. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळायचा दिवा लागला आणि ती वळली. मोकळ्या रस्त्यावर इतका वेळ आधी कुणी दिवा लावत नाही.

“भउजी अकेल्ला गे हे का?” भूपेंद्रने भिंतीवरून विचारलं.

“हाव,” मी म्हणालो. “गेली.”

साडेदहा वाजले. फोन आला नाही. अकरा वाजले. मी फोन दोनदा उचलला, रेंज पाहिली, ठेवला. साडेअकराला मला आठवलं की स्कूटरवरून गेलेल्या त्या सव्वीस वर्षांत तिने पोचल्याचा फोन एकदाही केला नव्हता. आणि मी एकदाही वाट पाहिली नव्हती. पॅटर्न शॉपमध्ये सागाच्या भुशात उभा राहून मी खुशाल काम करत असायचो, आणि ती ट्रकांच्या मधून चरोद्याला जात असायची. त्या सगळ्या दिवसांची काळजी मी त्या एका दिवशी केली. दुपारी वरणभात घेतला. जेवण गेलं नाही. एकदा वाटलं, ऑटो करून जावं, लांबून पाहून यावं. मग शोरूममध्ये मोजलेल्या त्या अकरा आकड्यांची आठवण झाली आणि मी गेलो नाही.

सहाला पाच कमी असताना गल्लीत ती चौकोनी गाडी दिसली. मी फाटक उघडलं. गाडी आत आली, भिंतीपासून हातभर अंतरावर सरळ उभी राहिली. इंजिन बंद झालं. मी धावतच उजवीकडच्या दारापाशी गेलो आणि कडीला हात घातला.

काचेआडून सिंधूने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा दमलेला होता, उन्हाने लाल झाला होता, केसांच्या बटा कपाळाला चिकटल्या होत्या. तिने उतरायची काही हालचाल केली नाही. रागही दिसत नव्हता. ती फक्त थांबली होती, रेल्वेचं फाटक पडलेलं असलं की माणूस गाडी जाईपर्यंत थांबतो तशी.

मग माझ्या लक्षात आलं. तिला उतरायला ते दार पूर्ण उघडावं लागतं, आणि त्या दाराच्या जागेत मी उभा होतो.

मी दाराची कडी सोडली. दोन पावलं मागे सरलो, मग आणखी एक. दार उघडलं. आधी उजवा बूट खाली आला, मग दोन्ही हातांनी उचललेला डावा. ती वाकून गुडघ्याची कडी लावत होती. मी हात पाठीमागे बांधून घेतले आणि तिथेच उभा राहिलो.